पत्ता झाकणारा हेल्पर

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. कुलूप लावून जिना उतरले की गॅस आठवतो, गॅस बघून खाली आले की कुलूप आठवतं. नवरा म्हणतो, तुला काळजीला काही सापडलं नाही, तर तुला त्याचीच काळजी लागते. खोटं नाही. पण माझ्या धंद्यात याच स्वभावावर पोट भरतं, हे त्याला अजून पटलेलं नाही.

धंदा म्हणजे लोकांना वेबसाइट बनवून देण्याचा. सोलापूरच्या भवानी पेठेत एका टॉवेलवाल्याच्या माडीवर माझी एक खोली आहे. खाली त्याचे माग चालतात, त्यामुळे माझ्या टेबलावरच्या तांब्यातलं पाणी दिवसभर थरथरत असतं. सुरुवातीला त्या खडखडाटाने डोकं उठायचं. आता माग थांबले की दचकायला होतं, लाइट गेली की काय म्हणून. खालच्या बायका आपसात तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि मालक दोन्ही भाषांत ओरडतो. गिऱ्हाइकं सगळी इथलीच. एक चादरींचा व्यापारी, दोन-तीन क्लासवाले, एक बॅटरीवाला, आणि एक विवाह मंडळ. ही हकिकत त्या मंडळाची.

मंडळ चालवणाऱ्या काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं कार्यालय. आधी सगळं फायलींत होतं, फोटो टाचणीने टोचलेले. मग लोक मोबाइलवर स्थळं मागायला लागले, आणि काकू माझ्याकडे आल्या. मी साइट केली ती अशी: मुलामुलींची माहिती काकू भरणार, नोंदणी केलेल्या घरांना लॉगिन मिळणार, आणि लॉगिन केलं की त्यांना स्थळं दिसणार.

आता हेल्पर म्हणजे काय ते सांगायला हवं. वेबसाइट आम्ही पहिल्या विटेपासून बांधत नाही. एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्या सांगाड्यात हेल्परांसाठी वेगळी जागा असते. हेल्पर हा कोडचा छोटासा तुकडा, एकच काम करणारा. जन्मतारीख दिली की वय सांगणारा. सेंटिमीटर दिले की पाच फूट दोन इंच म्हणणारा. तेच काम बऱ्याच पानांवर लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवायचं, आणि ज्या पानाला गरज पडेल त्याने हाक मारायची. पंगतीत पाहुणा उठून आचाऱ्याकडे जात नाही, वाढपी फिरतो, तसं. फायदा असा की काही बदलायचं झालं तर एकाच जागी बदलायचं, सगळी पानं सुधारतात. भीती अशी की चुकलं तर सगळीकडे एकदम चुकतं. फायदा शिकवणाऱ्या व्हिडिओत सांगतात. भीती आपली आपल्याला कळते.

माझ्या हेल्परांना वळण लावलं ते काकूंनी. शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि स्क्रीनवर बोट ठेवायच्या. वय लिहिताना 'वर्षे' लिही, नुसता आकडा उघडा दिसतो. पगार मुलीच्या पानावर खाली जाऊ दे. पण खरा जीव त्यांचा मामांच्या रकान्यावर.

"मामांचं नाव नुसतं नको गं. श्री. लाव. नसतील तर कैलासवासी. दोन मामा असले तर थोरले आधी. आणि गाव पाहिजेच."

"नसलं भरलं तर?"

"मामाचं गाव नाही तो बायोडाटा कसला? माणसं आधी मामा कुठले ते बघतात, मग मुलगी. गाव कळलं की चौकशी करता येते. त्या गावात आपलं कुणी ना कुणी निघतंच."

म्हणून मामांचा हेल्पर मी सगळ्यांत मन लावून लिहिला. श्री., कै., थोरले-धाकटे, शेवटी स्वल्पविराम देऊन गाव. रकाना रिकामा असेल तर गडबड न करता गप्प बसायचं, मामांची ओळच दाखवायची नाही, हेही त्याला शिकवलं. काकू खूश झाल्या. मला वाटलं, एवढा सभ्य हेल्पर आपण आजवर लिहिला नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी मी काकूंकडे फोटो नीट चढत नाहीत म्हणून गेले होते. तेव्हा एक मामा-भाची आले. मामा जेऊरचे, उजनीच्या पाण्यावर केळी करणारे, टोपी मांडीवर काढून ठेवून बसले. भाची पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी, सव्वीस-सत्तावीसची, बोलायला शांत. पण खुर्चीत बसली ती दाराकडे तोंड करून. काकूंनी पंख्याखालची खुर्ची दाखवली तरी ती तिथे गेली नाही, कारण तिथून दाराला पाठ झाली असती.

बोलले मामाच. "ही आदी माळशिरसला हुती, लॅबमदी. तितं एक जण लागला मागं. दुकान हाय त्याचं, ठिबकच्या पाइपांचं. लगीन करीन तर हिच्याशीच म्हंतोय. हिनं न्हाय म्हटलं, बापानं न्हाय म्हटलं. ऐकंल तर शपथ. लॅबच्या दारात उभा, यष्टीत मागं, घरावर चकरा. शेवटी आनली पोरगी माझ्याकडं. आता कुर्डूवाडीला लागलीया कामाला, रेल्वेनं जाती-येती. कुटं हाय ते त्याला ठाव न्हाय, आन् ठाव पडाया बी नको."

"पण नोंदणी तर करायचीय," काकू म्हणाल्या.

"मला लपूनछपून लग्न नाही करायचं," ती म्हणाली. "मी काय केलंय? फक्त मी कुठे राहते ते दिसायला नको."

मी विचारलं, त्याचं नाव काय. माझा विचार सरळ होता, नाव कळलं तर त्यालाच अडवता येईल. ती दाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाव नको, ताई." काकूंनी मला डोळ्यांनी दटावलं. मी विषय सोडला. एखाद्या माणसाचं नाव तोंडात घ्यायचीसुद्धा भीती वाटावी, हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

"मग सगळ्यांपासूनच झाकू या," मी म्हटलं आणि लॅपटॉप काढला. फॉर्मवर 'गोपनीय' अशी एक खूण वाढवली आणि पत्त्याच्या हेल्परला सांगितलं, ही खूण असेल तर पत्ता द्यायचा नाही, फोन द्यायचा नाही, नुसतं म्हणायचं, 'संपर्क: मंडळाचे कार्यालय'. बदल चढवला आणि लॅपटॉप तिच्यापुढे फिरवला. शोधाचं पान, यादीचं पान, मोबाइलवरचं पान, सगळीकडे तेच वाक्य.

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं."

मामांना ते फार आवडलं. "म्हंजी एक कॉक फिरवला की समद्या वावराचं पानी बंद. असंच की?"

"असंच, मामा."

मग काकूंनी राहिलेले रकाने विचारले. शिक्षण, उंची, रास, भाऊ. मामांचा रकाना आला तसे मामा ताठ बसले, मांडीवरची टोपी डोक्यावर घातली आणि आपलं नाव वडिलांच्या नावासकट सावकाश सांगितलं. "गाव जेऊर. ठेसन हाय आमच्यात. लिवा." काकू म्हणाल्या, हे छान झालं, मामा स्वतः आले. मी टाइप केलं. आम्ही चौघं त्या खोलीत होतो, चौघंही मराठी घरांत वाढलेले, आणि चौघांपैकी कुणालाही काही खटकलं नाही.

घरी जाऊन मी माझ्या सवयीप्रमाणे तपासत बसले. साइटचं एकूणएक पान उघडलं. छापायचं पान निघालं, त्याने हेल्परला हाक न मारता पत्ता थेट घेतला होता. ते दुरुस्त केलं, मग पुन्हा सगळी पानं पहिल्यापासून बघितली. पुढचे कित्येक दिवस भाकरी थापताना मधेच हात धुऊन मोबाइलवर तिचं पान उघडायची. 'संपर्क: मंडळाचे कार्यालय'. बरं वाटायचं. नवरा म्हणायचा, भाकरी करपली. करपू दे, म्हणायचे.

पावसाळा सरत आला होता. काकूंचा फोन आला, दुपारची वेळ. कुणाचा तरी फोटो उलटा दिसतोय म्हणून. बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, काल एक मुलगा येऊन गेला. एकटाच आला, पण इतका नम्र! पाया पडला माझ्या. माळशिरसचा आहे. ठिबकचं दुकान आहे स्वतःचं. आज सकाळी लॉगिन दिलं त्याला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतेस ना?"

"काकू, ठिबकचं?"

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "अगंबाई." आणि मग लगेच, "पण ठिबकचं दुकान तिकडे काय एकच असतं का? सगळा उसाचा मुलूख. दर चौकात असेल."

ते खरं होतं. मीही त्याच वाक्याला धरून बसले. पण हाताने तोवर साइटची नोंद उघडली होती. कुणी कुठलं पान कधी बघितलं हे सर्व्हर लिहून ठेवतो. त्याने सकाळी लॉगिन केलं होतं. शोधाच्या पानावर तिचं नाव टाकलं होतं. मग तिचं पान उघडलं होतं. मग पुन्हा तिचंच. दुसरं एकही स्थळ नाही. लग्नासाठी मुली बघायला आलेला माणूस एकच मुलगी बघतो?

त्याचं स्वतःचं पान मी उघडलं. फोटोत हसरा, इस्त्रीचा शर्ट. दुकान, शेती, घर. मामांची ओळच नव्हती. त्याने तो रकाना रिकामा ठेवला होता, आणि माझा सभ्य हेल्पर शिकवल्याप्रमाणे गप्प बसला होता.

मी स्वतःला म्हटलं, शांत हो. त्याला काय दिसलं असेल? पत्ता झाकलाय. फोन झाकलाय. साइट एखाद्या सभासदाच्या नजरेने बघायची सोय मी तपासणीसाठी करून ठेवलेली असते. मी 'तो' झाले आणि तिचं पान उघडलं. आजवर मी ते पान पत्ता शोधत बघितलं होतं. या वेळी तो वाचेल तसं वाचलं, वरून खाली, एकेक ओळ. वय. उंची. शिक्षण. संपर्क: मंडळाचे कार्यालय. रास. गण. भाऊ. आणि त्याखाली, मीच निवडलेल्या ठळक अक्षरात, मामा: श्री. अमुक अमुक, पूर्ण नाव, जेऊर.

आपल्याकडे मुलगी घरातून हलवली की कुठे ठेवतात? आत्याकडे नाही, तिच्या सासरचे दहा प्रश्न विचारतात. मावशीचंही तेच. मुलगी मामाकडे जाते. हे माळशिरसला ठाऊक आहे, सोलापूरला आहे आणि जेऊरलाही आहे. पत्ता म्हणून जो रकाना होता तो मी सात कुलपांत ठेवला होता, आणि खरा पत्ता श्री. लावून, मान राखून, खाली लिहिला होता.

मी मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. माणूस केळीत असेल, फोन गाडीच्या डिकीत असेल. तिला लावला, तिनेही उचलला नाही. लॅबमध्ये काम करताना फोन बाहेर ठेवायला लावतात, हे तिने सांगितलेलं आठवलं. मग हात रिकामे ठेववेनात म्हणून मामांचा हेल्पर उघडला. गोपनीय असेल तर मामा दाखवू नकोस, एवढंच लिहायचं होतं. मला झोपेतही जमावं असं काम. लिहिलं, चढवलं, आणि मामांना तिसऱ्यांदा फोन लावत असताना काकूंचा फोन मधे घुसला.

"अगं, सगळ्यांचे मामा गेले!"

"काय?"

"कुणाच्याच बायोडाट्यात मामा नाहीत! पंढरपूरच्या एका गृहस्थांचा आत्ता फोन आला, माझ्या मेव्हण्याला काढायचं कारण काय म्हणून!"

घाईत 'गोपनीय'ची खूण आहे का, हे विचारायलाच मी विसरले होते. हेल्परने हुकूम पाळला आणि मंडळातल्या एकूणएक मामांना पुसून टाकलं. एरवी मी हसून लोळले असते. त्या वेळी मला रडू आलं. "असू दे काकू, राहू दे थोडा वेळ," म्हणून मी फोन ठेवला.

आणि मामांनी उचलला.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. मामा, तो. मामा, तुमचं नाव. मामा, जेऊर. त्यांनी एकदाही मला दोष दिला नाही, उलट एकच विचारलं, "वाजलं किती?" मी सांगितलं. "पोरगी आता पॅसेंजरात बसंल. म्या ठेसनावर निगालो." फोन बंद.

थोड्या वेळाने तिचा फोन लागला. मागे गाडीचा आवाज, कुणीतरी शेंगा विकत होतं.

"बोला की ताई."

मी सांगितलं. ती म्हणाली, "पत्ता तर झाकला होता ना?"

"पत्ता झाकलाय. मामा राहिले."

तिला लगेच समजलं. मला ते कळायला पावसाळा लागला होता, तिला एक श्वास लागला. "मामा कुणाला सुचणार होतं, ताई," ती म्हणाली. ती माझी समजूत घालत होती, आणि ते मला सहन होईना. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"ऐक, तू अलीकडच्या स्टेशनावर, केमलाच उतर. तिथेच थांब. मामा तुला न्यायला येतील."

"केमला माझं कोण आहे?" ती म्हणाली. "जेऊरला मामा आहेत." आणि गाडी बोगद्यात वगैरे काही शिरली नसताना, त्या सपाट माळावर, फोन कटला. पुन्हा लागला नाही.

त्यानंतरचा वेळ कसा गेला हे मी नीट सांगू शकत नाही. खाली माग चालू होते. मी एकदा साइटवर मामा परत आणले, या वेळी खूण नीट विचारून. दोन घोट पाणी प्यायले, तिसरा अंगावर सांडला. नवऱ्याला फोन केला आणि तो काही बोलायच्या आत ठेवला. मनात जे जे येत होतं ते लिहिण्यासारखं नाही. वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात आणि आपण पान उलटतो. त्या दिवशी मी प्रत्येक न वाचलेली बातमी वाचली. शेवटी खुर्चीत बसवेना म्हणून खाली उतरले आणि मागांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. एका बाईने हातानेच विचारलं, काय झालं? मी मान हलवली. तिने आपला डबा उघडून मला शेंगा-गुळाचा खडा दिला आणि पुन्हा मागाकडे वळली. तो मी हातात धरून राहिले.

फोन आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मामा.

"ताई, घरी पोचलो. दोगं बी."

मी पायरीवर बसले.

"आलता की त्यो," मामा सांगू लागले. "ठेसनासमोरच्या हाटेलात. म्या गाडी लावली, तर उठून माझ्यापाशी आला आन् मलाच इचारतो, पाव्हणं, अमक्याचं घर कुटं हाय? माझंच नाव घेऊन, माझंच घर, मलाच!"

"मग?"

"मग काय. म्हनलं लांब हाय, च्या घ्या आदी. दोन च्या सांगितलं. म्हनलं, काय काम काढलं? सोयरिकीचं, म्हंतोय. म्हनलं, पोरीला इचारलंय का? तर गप. म्हनलं, मामाला इचारलंय का? म्हंतो, त्येच इचारायला आलोय. म्हनलं, मंग इचार. म्याच हाय."

मला हसू आलं, आणि ते हसू मधेच तुटलं. "मग?"

"मंग गाडी आली."

मामांनी तिला लांबूनच हाताने खूण केली होती, तिकडून जा म्हणून. ती गेली नाही. सरळ रस्ता ओलांडून हॉटेलात आली, बाकड्यासमोर उभी राहिली, आणि त्याचं नाव घेतलं. त्याचं, त्याच्या वडिलांचं, आडनाव, दुकान कुठल्या रस्त्याला ते. सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणाली, हा माणूस माझ्या मागे लागलाय. मी याला नाही म्हणून सांगितलंय. आज तुमच्यासमोर पुन्हा सांगते, नाही.

"म्या च्याचा कप तसाच ठिवला, ताई," मामा म्हणाले. "समदं हाटेल उटलं. हात कुनी लावला न्हाय, म्या लावू दिला न्हाय. गाडीला किक मारून गेला त्यो. पर आता समद्या गावाला त्याचं त्वांड ठाव झालंय. पोलिसांत बी अर्ज दिलाय. तुमी जेवा आता."

मला जेवायला सांगून त्यांनी फोन ठेवला.

आठवड्याभराने ती आणि मामा सोलापूरला आले. मी काकूंकडेच होते. काकू त्या आठवड्यात दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. त्याची नोंदणी त्यांनी रद्द केली होती, आणि भेटेल त्याला एकच सांगत होत्या, पाया पडला आणि मी भुलले, त्याचे मामा कुठले हे विचारायचंच राहिलं. आता नवा नियम, एकट्या मुलाची नोंदणी नाही, आणि मामाच्या गावी चौकशी केल्याशिवाय लॉगिन नाही.

मी तिला तिचं पान दाखवलं. पत्ता झाकलेला, फोन झाकलेला, मामा झाकलेले. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"माझे मामा कुठे गेले?" तिने विचारलं.

"झाकले. आता कुणालाच दिसणार नाहीत."

"का?"

मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

"त्याने यायचं आणि माझ्या पानावरून मामांनी जायचं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण काकू लिहायच्या थांबल्या. "मी ज्यांच्याकडे राहते, ज्यांनी त्याला चहा पाजून बसवून ठेवला, त्यांचं नाव कशाला झाकायचं? मला सगळ्यांपासून नका झाकू, ताई. त्याच्यापासून झाका. त्या दिवशी तुम्ही नाव विचारलं होतं. आता लिहा."

आणि तिने नाव सांगितलं. सावकाश, वडिलांच्या नावासकट, मामांनी आपलं सांगितलं होतं तसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती पंख्याखालच्या खुर्चीत बसली होती.

मी तिथेच नवा हेल्पर लिहिला. तो काही दाखवायच्या आधी समोर कोण आहे ते विचारतो. नाव, फोन, गाव, यातलं काहीही त्या माणसाशी जुळलं तर तिचं पान उघडतच नाही. 'हे स्थळ उपलब्ध नाही' एवढंच येतं. बाकीच्यांना सगळं दिसतं, पत्ता सोडून. मामा: श्री. अमुक अमुक, जेऊर. मामांनी चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाले, "ठळक हाय की."

हा हेल्पर मी दुसऱ्या सगळ्या हेल्परांपेक्षा जास्त वेळा तपासला आहे. त्यासाठी त्या माणसाच्या नावाने एक खोटं खातं मीच साइटवर ठेवलंय, त्याचं नाव, त्याचा फोन, त्याचं गाव. रोज सकाळी चहा ठेवते आणि तो उकळेपर्यंत मोबाइलवर मी तो होते. शोधाच्या पानावर तिचं नाव टाकते. उघडत नाही. कधी कधी दुसऱ्यांदाही टाकते. त्यानेही दोनदा उघडलं होतं.

गेल्या माघात तिचं लग्न झालं. मामांनी बोलावलं होतं, गेले होते, पोटभर जेवले. परत आल्यावर काकूंच्या सांगण्यावरून तिचं पान मी स्वतः काढून टाकलं. आता ते कुणालाच दिसत नाही, मलासुद्धा. तरी सकाळी चहा ठेवला की मी तो होते, तिचं नाव टाकते आणि पान उघडत नाही हे बघते. मग मी परत मी होते, आणि चहा गाळते.